कोणाच्या जोडीनं

एकशे सत्तर, म्हणाल्या हुक्केरी बाई,
आणि दंडावरचा पट्टा सुस्कारा टाकून सैल झाला.
मला वाटलं, आता चिठ्ठी फाटणार,
गुलाबी गोळी, पांढरी गोळी, मीठ कमी करा,
चला, पुढचा नंबर.
बाहेर बाकड्यावर निम्मं वडगाव खोकत बसलेलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
"ऊटा यार जोडी माडतीरि?"
जेवता कोणाच्या जोडीनं?

मी म्हटलं, मागाच्या.
त्या हसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर अकरा वर्षं मी उभ्यानं जेवतोय.
डाव्या तळव्यावर भाकरी, भाकरीवरच पिठलं,
तोंडात घास आणि डोळे ताण्यावर.
धागा तुटला तर घास थांबतो.
घास अडकला तर माग कुठं थांबतोय?
शालन पलीकडच्या खोलीत कांड्या भरत असते,
ती जेवते माझ्यानंतर, पोरांनंतर,
कधी कधी मांजरानंतर.

गोळी लिहून दिली बाईंनी. रोज, चुकवायची नाही.
आणि खाली, गोळीच्याच अक्षरात, कन्नडमध्ये एक ओळ.
मला कन्नड बसच्या पाटीपुरतं येतंय.
औषधाच्या दुकानातल्या बसलिंगानं वाचून दाखवलं,
"बसून जेवा. दोघांनी."
वर म्हणाला, हे आमच्याकडं मिळत नाही मामा.

वीस मिनिटं माग बंद म्हणजे अडीच हात साडी कमी.
मालकाला हा हिशोब कळतो, मलाही कळतो.
तरी मंगळवारी दुपारी खटका खाली ओढला.

असली शांतता आमच्या घरात लाईट गेल्यावरच येते,
म्हणून शालन बाहेर धावत आली,
"गेली काय हो?"
मी ओरडलो, "बंद केलाय! जेवायला बस!"
ती ओरडली, "मीठ कमी हाय, चालंल?"
मी ओरडलो, "चालंल!"
शेजारची निंगव्वा भिंतीवरून डोकावली,
"एन आत्रि? भांडताय?"

इतकी वर्षं आवाजावर आवाज चढवून
आम्हाला साधं बोलणं जमेना.
दोन-तीन दिवस तसंच गेलं.
चौथ्या दिवशी भाकरी मोडता मोडता
ती काहीतरी पुटपुटली,
आणि मला ऐकू आलं.
केवढा मऊ आवाज आहे हिचा,
धुतलेल्या सुताच्या लडीसारखा.
चोवीस वर्षं हा कुठल्या फळीवर ठेवला होता?

ती म्हणाली होती,
"दसऱ्यापासून खांदा वर जाईना झालाय."

दसरा! आता हुरडा संपून गेला.
वरच्या फडताळातला डबा
मधल्या काळात खाली आला होता, हे मी बघितलं होतं.
का आला, ते विचारलं नव्हतं.

महिन्यानं दोघं गेलो दवाखान्यात.
माझं एकशे बावन्न.
बाई म्हणाल्या, बरं आहे, गोळी चालूच ठेवा.
मी उठलो, तर त्यांनी शालनला स्टुलावर बसवलं,
पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला,
फुसफुस फुगवला.
काटा थरथरला, थांबला.

एकशे ऐंशी.

तिला काहीच होत नव्हतं, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.
तिलासुद्धा.

येताना रिक्षा केली नाही, तीच म्हणाली चालू या.
येळ्ळूर रोडला शिवारात उन्हाळी भात उभं,
वारा आला की तांदूळ शिजायच्या आधीच वास येतो.
ती एका हातात चिठ्ठी धरून सावकाश चालत होती.
कानात माझ्या अजून खटाक-पटाक चालूच असतं,
माग बंद असला तरी, झोपेतही.
ते काही कुठल्या गोळीनं जाणार नाही.
तिच्याकडं वाकून मी म्हटलं,
"काय म्हणालीस?"

काही नाही म्हणाली होती ती अजून.
मी आपला वाकलेलाच चाललो.